शब्द माणसाने न्यायचा

२२ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब आहे. दाजींच्या दुकानातल्या घड्याळांसारखं झालं, एक पुढे, एक मागे. पण सध्या माझा डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, तेव्हा लांब मोजा वर ओढून घेता येतो. ओंडका घसरला आणि पाय काढायला मला उशीर झाला, एवढंच. हाड शाबूत आहे. दादाला मात्र कळवू नकोस, नाहीतर म्हणेल की ज्याला स्वतःचा पाय सांभाळता येत नाही, तो जंगल काय सांभाळणार.

तोड संपली. नदीकाठी ओंडक्यांच्या थप्प्या लागल्यात आणि बांधामागे पाणी चढतंय. थंडी ओसरली की बांधाचं दार काढायचं आणि लोंढ्याबरोबर सगळा माल खाली दादाच्या गिरणीकडे सोडायचा, हे आपल्याकडे बाबांपासून चालत आलंय. पण यंदा सोडू कुठे? गिरणीच्या वरच्या अंगाला नदीत साखळीने जोडलेल्या ओंडक्यांचा अडसर आहे ना, त्याचं तोंड दादाने बंद करून कुलूप घातलंय. का, तर गेल्या वर्षी मी अर्धा माल पलीकडच्या काठच्या गिरणीवाल्याला विकला. अगं, दादानेच तो वाकडा म्हणून नाकारला होता. मग मी काय त्याच्या शेकोट्या करायच्या होत्या?

बाबांचा नियम तुला माझ्याइतकाच पाठ आहे. दार काढायच्या आधी खालच्याने स्वतः वर यायचं आणि वरच्याच्या तोंडावर सांगायचं की वाट मोकळी आहे. चिठ्ठी चालत नाही. शब्द माणसाने न्यायचा. गिरणी आणि जंगल यांच्यामधल्या घळीतून चालायला नदीच्या पात्राशिवाय वाट नाही, आणि एकदा सोडलेलं पाणी हाका मारून परत येत नाही. बाबा होते तोवर दादा दर वर्षी यायचा, दोन दिवस राहायचा, माझ्या हातच्या करपलेल्या जेवणाला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचा. वाटण्या झाल्यापासून त्याने पाऊल टाकलं नाही. गेल्या वर्षी स्वतःऐवजी मुकादमाला धाडलं, तेही मी गिळलं. यंदा मुकादमाकडून निरोप काय, तर गरज मला आहे, मीच आधी खाली येऊन विचारावं. मी काय त्याच्या दारचा भिकारी आहे? मी जाणार नाही. तूच त्याला चार शब्द सांग. तुझं ऐकतो तो, निदान ऐकल्यासारखं करतो.

दाजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा
धाकटा

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू वकील व्हायला हवी होतीस. दोन्ही पक्षांकडून फी घेतली असतीस आणि दोघांनाही जिंकल्यासारखं वाटलं असतं.

गिरणी बंद आहे. करवतीच्या पात्याला तेल लावून ठेवलंय. इतकी वर्षं तिच्या आवाजाने कान किटले म्हणून तुझी वहिनी कुरकुरायची, आता तीच म्हणते की घर खायला उठतं. मी भुशाच्या ढिगाशी जाऊन बसतो आणि मुकादमाशी उगाच भांडण उकरतो. तो बिचारा आता मला लांबून बघितलं की वळणच बदलतो.

तू नियमाचं लिहितेस. नियम एका घरासाठी होता, आणि घर एक नको असं मी म्हणालो नव्हतो. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा धाकट्याने वाटण्यांचा विषय काढला, तोही बाबांच्या खुर्चीत बसून. जंगल त्याला दिलं, गिरणी मी ठेवली, चकार शब्द काढला नाही. मग ज्या गिरणीवाल्याच्या दारात बाबांच्या हयातीत आपली एक काडी गेली नाही, त्याला याने माल घातला. आणि आता याला माझ्या अडसरातून वाट हवी, ती सांगायला डोंगर चढून मीच जावं! त्याने एकदा खाली यावं. माफी मागू नये, गोड बोलू नये, नुसतं दारात येऊन उभं राहावं. तोवर कुलूप निघणार नाही. हे त्याला माझ्या शब्दांत कळव, तुझ्या शब्दांत नको. तुझे शब्द फार मऊ असतात.

तब्येतीला जप. बाकी आपलं आहे तसंच आहे.

तुझा
दादा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मोजा लांब झाला कारण विणताना तुमच्या भांडणाचा विचार चालला होता, आणि तेही असंच लांबत चाललंय. गुडघा शेकतोस का? शेकत नसशील. लहानपणी फोडावर मलम लावायला तुला मी आणि आईने दोन्हीकडून धरावं लागायचं, ते मी विसरले नाही.

दादाचं पत्र आलं. तुझ्याबद्दल वाकडं काही लिहिलेलं नाही. एकटा पडलाय रे तो. करवत बंद, दिवसभर भुशाशी बसून असतो. तू एकदा खाली जाऊन नुसता दारात उभा राहिलास तरी त्याला पुरे आहे. कुलपाचं काय, आज आहे, उद्या नाही. एवढं माझ्यासाठी कर.

इकडे दुकानाच्या वरच्या खोलीत दिवसभर घड्याळांचे ठोके आणि माझी बडबड. हे म्हणतात की तू पत्रं लिहीत नाहीस, पाकात घालून मुरवतेस. ज्याचं त्याला आहे तसं कळव, नाहीतर एक दिवस अंगाशी येईल. मी म्हटलं, भाऊ माझे आहेत, तुम्ही आपले काटे सांभाळा.

लगेच उत्तर पाठव. आणि शेक.

तुझी
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेकतोय. पण खाली जाण्याचं नाव काढू नकोस. गुडघा धड असता तरी गेलो नसतो. बाबांच्या खुर्चीत बसलो म्हणून तो अजून मनात धरून आहे ना? मला ठाऊक आहे, तू लिहीत नाहीस एवढंच. अगं, त्या दिवशी घरात दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. बसलो त्यात. आणि वाटण्या मी मागितल्या कारण तो मला मजुरासमोर मजुरासारखं बोलायचा. हे कोणी विचारलं का मला?

खरी गोष्ट अशी की आता वेळ राहिला नाही. बांध बाबांच्या वेळचा, फळ्या जुन्या झाल्या. पाणी वरच्या कडेला लागलंय आणि दाराच्या खालून झिरपायला लागलंय. माणसं दिवसभर चिंध्या आणि डांबर भरतात, उद्या पुन्हा तेच. दार वेळेवर काढलं नाही तर बांध आपणहून फुटेल, मग माल कुठल्या कुठे जाईल आणि माझ्याबरोबर ही सगळी माणसं रस्त्यावर येतील. लाकूडतोड्यांचा म्होरक्या कालच विचारून गेला की दुसरीकडे काम बघू का. मी त्याला थांब म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाच कळलं नाही.

तरी नियम मोडून दार काढणार नाही. तेवढा मी बाबांचा आहे. दादाला सांग, माझा माल कुजला तरी चालेल, पण त्याचं तोंड बघायला मी येणार नाही.

दाजींना नमस्कार. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा
धाकटा

१ मार्च

तीर्थरूप दादास,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आहे. धाकट्याचं पत्र आलं. तो म्हणतो की चुकलं, खुर्चीचंही आणि पलीकडच्या गिरणीवाल्याचंही. स्वतः खाली येऊन तुझ्या दारात उभा राहणार आहे, महिन्याच्या मध्यावर. आजच निघाला असता, पण त्याचा डावा गुडघा ओंडक्याखाली सापडून सुजलाय. तुला कळवू नको म्हणाला होता, पण मी कळवतेय. लंगडत का होईना, येतो म्हणतो.

त्याची एकच विनंती आहे. बांध जुना झालाय, गळतोय, केव्हा काय होईल सांगता येत नाही, म्हणून अडसराचं तोंड तू नऊ तारखेच्या आत उघडून ठेवावंस. आता तू मोठा आहेस, मोठेपण घे. तो आला की त्याला आल्या आल्या बोलू नकोस. आधी जेवायला घाल.

वहिनीला नमस्कार. मला विसरू नका दोघं एक झालात तरी.

तुझी
ठमी

१ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

दादा वाकला. मी म्हणतच होते. अडसराचं तोंड नऊ तारखेच्या आत उघडतो, धाकट्याने दहाला सकाळी खुशाल दार काढावं, असं त्याने कळवलंय. तो स्वतः वर यायचा, पण त्याची कंबर धरलीय, उठता बसता येत नाही. म्हणून या एका वर्षापुरता ताईचा शब्द तोच माझा शब्द समज, असं तुला सांगायला सांगितलंय. नियम मोडला असं मनात आणू नकोस. ज्याने शब्द द्यायचा त्यानेच माझ्या हाती दिलाय.

तेव्हा दहा तारीख. उशीर करू नकोस. म्होरक्याला सांग की काम सोडून जाऊ नको. माल खाली पोचला की गुडघा बरा झाल्यावर दादाला भेटून ये, कंबरेचं विचार. मी सांगितलं म्हणून नको, तुला वाटलं तर.

आता जरा शांत झोपेन म्हणते. तूही झोप.

तुझी
ताई

८ मार्च

चि. ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आधी मी वाचलं, मग तुझ्या वहिनीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली की चष्मा असून मला कशाला वाचायला लावता. मी म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे.

कुलूप आज काढलं. मुकादमाने किल्ली घेताना माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आलं. अडसराचं तोंड पूर्ण उघडं आहे, आतलं ओंडके साठवायचं तळं रिकामं आहे. करवतीचं पातं पुसून लावायला सांगितलं.

आता एक गोष्ट, ती तुझ्यापाशीच ठेव. धाकट्याचा गुडघा सुजलेला असताना त्याने घळीतल्या गोट्यांवरून लंगडत यावं आणि मी दारात उभा राहून बघावं, हे मला जमायचं नाही. तो येतो म्हणाला, त्यात सगळं आलं. मीच जातो. उद्या निघेन, घळीच्या अलीकडे मुक्काम करेन आणि परवा पात्रातून वर चढेन. मुकादम बरोबर येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. भावाभावांत तिसरा कशाला? तू घळीला लहानपणापासून भितेस, म्हणून लिहितो. वाट मोकळी आहे हे सांगणारा मीच, तेव्हा मी पोचेपर्यंत वरून थेंब सुटायचा नाही. निर्धास्त राहा.

त्याच्या हातचं करपलेलं बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही. तू फार केलंस, ठमे. कधी बोलून दाखवत नाही, आज दाखवतो.

तुझा
दादा

१० मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

काढलं दार! सकाळी ऊन वर आल्यावर म्होरक्याने आणि मी मिळून खुंटी उडवली. आधी पाणी, मग ओंडके, एकावर एक, उड्या मारत. घळीत लोंढा शिरला तेव्हा पायाखालची जमीन हलली. माणसं नाचली. मी एका पायावर नाचलो. संध्याकाळपर्यंत नदी पुन्हा खाली बसली आणि काठ रिकामा झाला. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

खरं सांगू? दादा आला नाही याचं जरा वाईट वाटलं. कंबर धरली हे कळलंय, तरी सवयीने मी काल दोनदा वाटेकडे बघितलं. पुढच्या आठवड्यात मीच खाली जातो. तुझ्या सांगण्यावरून नाही हं, मला वाटलं म्हणून.

दाजींना सांग, ताईने यावेळी दोन्ही काटे एका ठिकाणी आणले.

आनंदात आहे. तूही राहा.

तुझा
धाकटा

१५ मार्च

सौ. वन्संस,
वहिनीचा नमस्कार.

तारेने तुम्हाला एवढंच कळलं असेल की हे गेले. कसे ते लिहिते.

नऊ तारखेला हे वर जायला निघाले. स्वच्छ सदरा घातला, काठी घेतली. भाऊजींसाठी सुजेवरचं तेल स्वतः बाटलीत भरून घेतलं. मी म्हटलं, ते येणार आहेत ना, मग तुम्ही का जाता. म्हणाले, तो निघाला असेल तर अर्ध्या वाटेत गाठ पडेल. दहा तारखेला दुपारी नदीचं पाणी एकदम चढलं आणि ओंडके आले. सगळे सुखरूप तळ्यात शिरले, एकही अडला नाही. मुकादम काठावर उभा राहून एकदम पांढरा पडला. मला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला की मालक घळीत असतील. हे दोन दिवसांनी वळणावरच्या झुडपांत सापडले. बाकी लिहवत नाही.

भाऊजी आले होते. मी त्यांना घरात घेतलं नाही. वर शब्द नेणारा माणूस वाटेत असताना, तो पोचायच्या आत भाऊजींनी पाणी सोडलं. तेही ह्यांनी कुलूप काढल्यावर. मुकादम सांगतो, गिरणीवरची माणसं उघड म्हणतात की धाकट्याने भावाला मारलं. मीही तेच म्हणते. तुम्हाला ते प्रिय आहेत, तरी म्हणते.

तुमची
वहिनी

१७ मार्च

ताई,

मी काय लिहू? ओंडक्यांबरोबर मीच त्याला ढकललं. मला कुठे ठाऊक होतं तो घळीत आहे? त्याची कंबर धरली होती ना? अंथरुणावर असलेला माणूस काठी घेऊन डोंगर का चढेल?

वहिनीने दार लावून घेतलं. मी बाहेरून ओरडून सांगितलं की दहा तारखेला दार काढ असं दादानेच ताईकडून कळवलं होतं. ती आतून म्हणाली, "हे असं काही बोलले नव्हते. ते स्वतः सांगायला निघाले होते." मुकादम माझ्याकडे बघत नाही. माझा म्होरक्यासुद्धा मला टाळतो.

दादाने तुला जे पत्र लिहिलं, दहा तारखेचं, ते वहिनीला पाठव. ताई, तेवढं एकच आहे माझ्याकडे. त्याच्या हातचं अक्षर तिने बघितलं की तिचा विश्वास बसेल, आणि माझाही बसेल. रात्री वाटायला लागतं की मीच मनाने काहीतरी वाचलं. लवकर पाठव.

धाकटा

२२ मार्च

ती. वहिनीस आणि चि. धाकट्यास,

हे पत्र दोघांना मिळून लिहितेय. वहिनी, धाकट्याला घरात घ्या आणि दोघांनी बरोबर वाचा.

तसं पत्र नाही. दादाने दहा तारीख कधीच लिहिली नाही, ती मी लिहिली. त्याची कंबरही धरली नव्हती. तो म्हणत होता की धाकटा दारात आल्याशिवाय कुलूप काढणार नाही. धाकटा म्हणत होता की त्याचं तोंड बघणार नाही. बांध फुटायला आला होता. मी एकाच दिवशी, एकाच शाईने, त्याला लिहिलं की धाकटा चुकलं म्हणतोय आणि येतोय, आणि याला लिहिलं की दादाने शब्द दिलाय. मला वाटलं, दोघांनाही वाकायचंच आहे, फक्त आधी कोण यावर अडलंय, तर दोघांना एकदमच वाकवू. माल खाली आला की भांडं फुटेल, दोघं मिळून मला चार शिव्या देतील, आणि त्या निमित्ताने का होईना, एकमेकांशी बोलतील.

दादाचं शेवटचं पत्र मला बारा तारखेला मिळालं, तार आली त्याच दिवशी. ते सोबत पाठवतेय. त्यात तो लिहितो की तो पोचेपर्यंत वरून थेंब सुटायचा नाही. बाबांच्या नियमावर विसंबून तो घळीत शिरला आणि तो नियम मी इथे खोलीत बसून मोडला होता.

वहिनी, धाकट्याने भावाला मारलं नाही. त्याने बहिणीचं ऐकलं. गिरणीवरच्या माणसांना हे मुकादमाकडून वाचून दाखवा, माझं नाव घेऊन. धाकट्या, तू हे दिवस काय भोगलंस ते मला ठाऊक आहे आणि तरी तार आल्यापासून हे लिहायला मला दहा दिवस लागले. ह्यांनीच शेवटी नुसता कागद पुढे ठेवला.

मला भेटायला यायचं आहे. येऊ का?

ठमी

४ एप्रिल

सौ. वन्संस,

तुमचं पत्र भाऊजींनी आणि मी मिळून वाचलं. मी त्यांना घरात घेतलं. मी फार रडले आणि त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माणसांसमोर पत्र मुकादमाने वाचलं. म्होरक्या आणि मुकादम दोघंही डोकी खाली घालून उभे होते.

करवत सुरू केली. भाऊजी आता खालीच असतात, गिरणीला लागून असलेल्या खोलीत. जेवायला आमच्याकडे येतात. वर म्होरक्या बघतो. वाटण्या मोडल्या, दोन्ही कारभार आम्ही एक केले, अडसराची किल्ली भिंतीला टांगली, ज्याला हवी त्याने घ्यावी. रोज बसून बोलणं होतं. कधी ह्यांच्यावर, कधी कामावर, कधी भांडतोही. तुम्ही इतकी वर्षं ज्यासाठी धडपडलात, ते झालंय. हे तुम्हाला कळावं असं भाऊजी म्हणाले, म्हणून लिहिलं.

तुम्ही वाईट मनाने केलं नाहीत, हे आम्हाला दोघांना कळतं. पण तुम्ही येऊ नका. पत्रही लिहू नका. ह्यांचं जाणं पचायला आता पुष्कळ दिवस लागायचे आहेत आणि त्यात तुमचं काही गोड लिहिलेलं आलं, तर ते खरं आहे की नाही हे आम्हाला ठरवता येणार नाही. आलं तर भाऊजी ते न उघडता परत करतील, तसं त्यांनी टपालवाल्याला सांगून ठेवलंय.

ह्यांचं पत्र मी ठेवून घेतलंय. तुमची तुमच्याकडे ठेवा.

वहिनी